मागच्या अंगणातली इटली

सत्तरच्या दशकात सांगलीत दारू फक्त आजारी माणसांना मिळायची. कायदाच तसा होता. प्रकृतीला गरजेची आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं की परवाना. त्यामुळे गावातल्या बऱ्याच प्रतिष्ठित घरांत एक तरी पुरुष कायमचा आजारी असे आणि त्याचा आजार शनिवारी संध्याकाळी बळावत असे. आमच्या घरी ही जबाबदारी सासऱ्यांनी उचलली होती. ते वकील होते, तब्येतीने खणखणीत होते आणि कागदोपत्री अत्यंत नाजूक होते.

सासूबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. मंडळाने त्या वर्षी हातभट्टीच्या विरोधात एकमताने ठराव केला होता. कपाटातल्या बाटलीला मात्र त्या 'ह्यांचं औषध' म्हणत, आणि ते संपत आलं की खऱ्या काळजीने म्हणत, "अहो, औषध आणायला झालंय."

मी त्या घरात सून म्हणून आले त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. माझं माहेर साताऱ्याकडचं. आमच्या गावात प्रत्येक घरातला एक माणूस शेतात आणि एक फौजेत अशी वाटणी होती. माझे वडील दोन्ही करून बसले होते. सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि मग चार एकर ऊस बघायला लागले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. सासूबाई लोकांना त्यांची ओळख करून देताना म्हणायच्या, "सूनबाईचे वडील. शेती आहे त्यांची." यातल्या 'शेती' या शब्दावर त्या असा काही जोर द्यायच्या, की ऐकणाऱ्याला शंभर एकर दिसावेत आणि आबांचं धोतर दिसू नये.

त्या मे महिन्यात सासऱ्यांना सरकारी वकील व्हायची इच्छा झाली. या इच्छेवर ज्यांचा शब्द चालणार होता असे एक बडे साहेब वर्षभरापूर्वी बदलून सांगलीत आले होते. तेव्हा त्यांना घरी बोलवायचं ठरलं. साहेबांचं काही अवघड नव्हतं. अवघड होत्या त्यांच्या बाईसाहेब. त्या आदल्या वर्षी युरोपला जाऊन आल्या होत्या. पंधरा दिवसांत सात देश. त्यातले चार दिवस इटली. हे चार दिवस त्या गेले आठ महिने सांगत होत्या. हळदीकुंकवाला इटली, मंडळाच्या सभेत इटली, कुणाच्या दहाव्याला भेटायला गेल्या तरी तिथेही, "इटलीत किनई अशा वेळी सगळे काळे कपडे घालतात."

"बाईसाहेबांना श्रीखंड-पुरी वाढली तर आपण काय राहिलो?" सासूबाई म्हणाल्या. "काहीतरी इटालियन हवं."

सबंध सांगलीत इटालियन काय मिळणार? सासूबाईंनी ओळखीच्या दोन बायकांना विचारलं. एकीने मॅकरोनी सुचवली. ती शेवयांसारखी दिसते म्हणून सासूबाईंनी नाकारली. आमच्याकडे शेवया कामवालीसुद्धा करते, असं कारण होतं.

त्याच आठवड्यात आबा आले. एस.टी.ने, एका हातात आंब्यांची करंडी आणि खाकी पिशवीत मिलिटरी कॅन्टीनच्या रमच्या दोन बाटल्या घेऊन. ह्या बाटल्या दर खेपेला यायच्या. सासरे प्रत्येक वेळी "अहो कशाला, कशाला" म्हणत त्या स्वतःच्या हाताने कपाटात ठेवायचे.

रात्रीच्या जेवणात सासूबाईंनी पुन्हा इटलीचा विषय काढला. आबा खाली मान घालून जेवत होते. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आइस्क्रीम करा की मग."

"आइस्क्रीम काय कोणीही करतं," सासूबाई म्हणाल्या.

"तसं न्हवं. गिलासात आइस्क्रीम घालायचं, वर कडक काफी, थोडी रम, मग सोडा वतायचा. फस्सदिशी वर येतंय. चमच्यानं खायाचं आन उरलं ते प्यायाचं. इटलीत करत्यात."

सगळ्यांचे हात थांबले. ह्या घरात कुणी त्यांना कधी विचारलं नव्हतं की ते फौजेत असताना कुठं कुठं होते. खरं सांगायचं तर मीही फारसं विचारलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या लढाईत ते होते हे मला माहीत होतं, जसं आमच्या विहिरीला किती पायऱ्या आहेत हे माहीत होतं, तसं. मोजल्या कधी नव्हत्या.

"तुम्ही इटलीला होता?" सासूबाईंनी विचारलं. बाईसाहेबांच्या इटलीत व्याही शिरलेच कसे, असा त्यांचा चेहरा झाला होता.

"दीड वरीस. बराचसा चालतच."

"आणि ह्या पदार्थाचं नाव काय?"

"नाव कुणाला ठावं विहीणबाई. एका बाईनं करून खायाला घातलं हुतं."

सासूबाईंनी थोडा विचार केला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ते रमचं... त्याच्याशिवाय नाही होत?"

"हुतंय की. पर मग ते काफी घातलेलं आइस्क्रीम."

"रम म्हणजे नक्की कशाची असते?"

"उसाची. मळीपासनं काढत्यात."

"म्हणजे उसाचा अर्कच की!" सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. ऊस म्हटल्यावर आमच्या भागात कुणाची हरकत असायचं कारणच नव्हतं. कारखाने उसावर, निवडणुका उसावर, मग एक आइस्क्रीम का नाही? त्या क्षणापासून आमच्या घरात रम हा शब्द आबांखेरीज कुणी उच्चारला नाही. उसाचा अर्क.

शनिवारी संध्याकाळी पाहुणे यायचे होते. सकाळपासून म्हशीचं दूध आटवायला घेतलं. शेजारून लाकडी पॉट मागून आणलं. मधे जस्ताचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, वर फिरवायचा दांडा. बर्फाची लादी माझे यजमान मिरजेहून स्कूटरवर आणणार होते. त्यांनी ती गोणपाटात गुंडाळून पुढे पायांत ठेवली. घरी पोचली तेव्हा लादीचा तिसरा भाग त्यांच्या विजारीत मुरला होता आणि ते उभे राहून चहा पीत होते. कॉफी सीमेपलीकडून आणलेली, डिकॉक्शन इतकं दाट की चमचा उभा राहावा. आबांनी त्यात गुळाचा पाक घालायला सांगितला. "ती बाई कसला तरी गोड पाक वतत हुती. आपला गूळ काय वाईट हाय?" गोटीच्या सोड्याच्या दोन डझन बाटल्या ओलं फडकं टाकून हौदाच्या कडेला मांडल्या.

दुपारी एक ग्लास करून बघितला. आबांनी आइस्क्रीमचा गोळा टाकला, वर कॉफी, मग टोपणभर रम, आणि अंगठ्याने गोटी दाबून सोडा. तपकिरी फेस फसफसत काठापर्यंत आला आणि तिथे शहाण्यासारखा थांबला. सासूबाईंनी पदराने ओठ टिपत एक चमचा घेतला. मग दुसरा. मग ग्लास घेऊन त्या देवघराकडे पाठ करून बसल्या आणि सगळा संपवला.

"अर्क जरा कमी वाटतो," त्या म्हणाल्या.

चार वाजता त्यांनी मला आत बोलावलं. "सूनबाई, तुझ्या वडिलांना सांग, ते मागेच थांबतील तर बरं. त्यांना पुढे अवघडल्यासारखं होईल गं. सगळी मोठी माणसं येणार." दुसऱ्याच्या अवघडलेपणाची इतकी काळजी करणारी बाई मी नंतर पाहिली नाही.

मी यजमानांकडे बघितलं. त्यांनी पंख्याकडे बघितलं. पंखा व्यवस्थित फिरत होता.

आणि मी काय केलं? मी मागच्या अंगणात गेले. आबा धोतराचा काचा वर खोचून पॉटपाशी बसले होते. मी माहेरच्या बोलीत म्हणाले, कारण खोटं बोलायला तीच सोयीची वाटली, "आबा, तुमी हितंच थांबा बरं का. पॉटाकडं कोण बघनार? मीठ डब्यात गेलं तर सगळं वाया जाईल."

आबांनी दांडा फिरवता फिरवता माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एकदाच.

"व्हय," ते म्हणाले. "पॉटाकडं कुणीतरी पायजेच."

एकवीस वर्षांची होते मी, बी.ए. झालेली. हातात सोन्याच्या बांगड्या होत्या आणि तोंडात हे वाक्य.

साडेसहाला पाहुणे आले. साहेब, बाईसाहेब, मिरजेचे एक डॉक्टर (सासऱ्यांच्या आजाराचे शिल्पकार), एक हळदीचे व्यापारी आणि मंडळाच्या चार सभासद, आपापल्या नवऱ्यांसह. पुढच्या अंगणात पाणी मारून खुर्च्या मांडल्या होत्या. मी ट्रे घेऊन मागून पुढे आणि पुढून मागे करत होते. पुढे सेंट आणि मोगरा. मागे बर्फ फोडल्याचा आवाज आणि आबा.

"हे काय म्हणायचं?" बाईसाहेबांनी ग्लास उजेडात धरून विचारलं.

"रोमन फ्लोट," सासूबाई म्हणाल्या. नाव त्यांनी दुपारी ठरवलं होतं. "एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं मी."

बाईसाहेबांनी चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "अगदी हेच! रोममध्ये आमच्या हॉटेलसमोर हेच खाल्लं होतं मी. अगदी हाच गूळ... म्हणजे हाच स्वाद."

"त्यात थोडा उसाचा अर्क असतो हं," सासूबाईंनी सावधपणे जाहीर केलं.

"प्रकृतीला चांगला," डॉक्टर म्हणाले.

मंडळाच्या सभासदांनी एकमेकींकडे बघितलं. ठरावाच्या वेळी जसं एकमत झालं होतं तसंच आताही झालं. पहिले ग्लास लाजत संपले, दुसरे न लाजता. हातभट्टीच्या ठरावाला ज्यांनी अनुमोदन दिलं होतं त्या बाई तिसऱ्या ग्लासाच्या वेळी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मला आइस्क्रीम कमी चालेल, वितळतं ना लवकर. अर्काचं बघ जरा." व्यापाऱ्यांनी स्वच्छ विचारलं की सोड्याशिवाय मिळेल का. सासरे साहेबांच्या शेजारी बसून न्यायसंस्थेविषयी बोलत होते आणि साहेब ग्लासाच्या तळाशी चमचा खरवडत होते.

असं सगळं छान चाललेलं असताना बाईसाहेब म्हणाल्या, "पण खरंच, हात कुणाचा आहे हा? मागे कुणीतरी करतंय ना? मघाशी मी वाकून पाहिलं, एक म्हातारा दिसला धोतरातला. तुमचा माणूस आहे का?"

"हो ना," सासूबाई म्हणाल्या.

"मग पुढच्या शनिवारी आमच्या बंगल्यावर पाठवा त्याला. आमच्याकडे मुंबईचे पाहुणे आहेत."

"पाठवू की," सासूबाई म्हणाल्या. अगदी सहज, वाटी पाठवू म्हणाव्यात तसं.

माझ्या हातात ट्रे होता. त्यावर सहा ग्लास. ट्रे मी खाली ठेवला.

"ते माझे वडील आहेत," मी म्हणाले.

मला वाटलं होतं मी हळू म्हणाले. पण व्यापारी ग्लास तोंडाला लावता लावता थांबले, म्हणजे मोठ्याने म्हणाले असणार.

"सुभेदार होते फौजेत. ही कृती त्यांची आहे. मासिकातली नाही. ते इटलीत लढायला होते."

सासूबाईंनी एक हसू तोंडावर आणलं आणि ते कुठे ठेवावं हे न कळून तसंच धरून ठेवलं. सासरे खोकले. यजमान पुन्हा वर बघणार होते, पण अंगणात पंखा नव्हता. तेव्हा ते उठले आणि, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते, घरातून एक खुर्ची घेऊन आले.

साहेबच उठून मागे गेले. परत आले तेव्हा आबा त्यांच्या मागून येत होते, ओले हात धोतराला पुसत. मिठाच्या पाण्याने बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. साहेबांनी त्यांना ग्लास पुढे केला.

"न्हाई साहेब, मी घेत न्हाई. कोटा मिळतोय, तो व्याह्यांच्या औषधाला देतो."

सासरे पुन्हा खोकले. या वेळी खरोखर आजाऱ्यासारखे. मिरजेचे डॉक्टर गंभीरपणे मोगऱ्याकडे पाहू लागले.

बाईसाहेबांना आता गप्प बसवेना. "रोममध्ये कुठे होतात तुम्ही?"

"रोम ट्रकमधनं बघितलं बाईसाब. ताडपत्रीच्या फटीतनं. पाऊस हुता."

"मग हे कुठे खाल्लंत?"

आबांनी हात पुन्हा धोतराला पुसले. मला वाटलं, 'एका बाईनं खायाला घातलं' एवढंच सांगून मोकळे होतील.

"डोंगरात एक गाव हुतं," ते म्हणाले. "निम्म्या घरांवर छप्पर न्हाई. तिथं एका बाईचं हाटेल हुतं. आमी वर लढाईला चाललो हुतो, आठ जण. तिनं पानी दिलं. आमाला बोटानं मोजलं आन खुणा करून सांगितलं, परत येताना या, थंड कायतरी खायाला घालते. मग लढाई संपली. परत येताना त्याच गावातनं आलो. तिनं मला वळखलं. साखर आमच्याजवळ हुती, रम हुती. दूध तिच्याजवळ. तिनं असंच पॉट फिरीवलं, आन टेबलावर आठ गिलास मांडलं."

"आठ?" साहेबांनी विचारलं. त्यांना बहुधा कळलं होतं.

"आठ जण गेलो हुतो न्हवं. परत तिघं आलो हुतो. तिला सांगायचं कसं? आमाला तिची भाषा येत न्हवती. ती दाराकडं बघत हुती, बाकीचं मागनं येत असतील म्हनून."

रस्त्यावरून एक रिक्षा भोंगा वाजवत गेली.

"मग?" बाईसाहेब म्हणाल्या.

"मग काय बाईसाब. वितळाय लागलं हुतं. तिघांनी आठ संपिवली."

साहेबांनी हातातला ग्लास खाली ठेवला. इटलीविषयी बाईसाहेबांना बोलायला काही सुचलं नाही अशी ती पहिलीच वेळ असावी. पण त्या फार वेळ अशा राहणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"आणि चव अगदी अशीच होती?"

"न्हाई," आबा म्हणाले. "साखर जास्त झाली हुती." आणि उठले. "पॉटात अजून हाय. देतो पाठवून."

पाहुणे आठच्या सुमाराला गेले. जाताना साहेबांनी सासऱ्यांना नमस्कार केला आणि मागच्या अंगणात जाऊन आबांशी हात मिळवला. सासूबाई त्या रात्री माझ्याशी बोलल्या नाहीत. मात्र पॉटाच्या तळाशी उरलेलं त्यांनी वाटीत काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांना स्टँडवर सोडायला गेले. रात्रभर मी माफी कशी मागायची ते शब्द जुळवत होते. साताऱ्याची गाडी लागायच्या आधी कसंबसं म्हणाले, "आबा, काल मी तुमाला मागं थांबा म्हनलं..."

"तवाच कळलं हुतं मला."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलायचं? तुला त्या घरात ऱ्हायाचं हाय." त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आन खरं सांगू पोरी? मागं बरं हुतं. त्या खुर्चीवर कंबर लय अवघडली."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. गाडी आली तेव्हा खिडकीतली जागा धरायला घाईने चढले, फौजेतली सवय. खिडकीतून म्हणाले, "गुळाचा पाक जरा पातळ कर फुडल्या खेपेला. खाली बसतोय." गाडी हलली.

सासऱ्यांना ते पद मिळालं नाही. ज्यांना मिळालं त्यांच्याकडे साहेबांना साधं श्रीखंड वाढलं होतं असं कळलं. सासूबाईंनी मात्र त्यातून सावरायला आठवडासुद्धा घेतला नाही. मंडळाच्या पुढच्या सभेत त्यांनी रोमन फ्लोटची कृती सांगितली, साहित्यात 'उसाचा अर्क, प्रकृतीनुसार' असं लिहून घ्यायला लावलं, आणि वर म्हणाल्या, "आमचे व्याही बरीच वर्षं इटलीला होते ना." दीड वर्षाची बरीच वर्षं झाली. डोंगरातलं ते गाव पुढच्या सांगण्यात रोम झालं आणि त्या बाईच्या हाटेलाचं मोठं हॉटेल. आबांचं धोतरही आता कुणाला खटकेना. परदेशी राहून साधेपणा टिकवलाय, असं त्या कौतुकाने सांगायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच्या हाताने आबांना पत्र लिहिलं. पाहुणे यायचे आहेत, आपण अवश्य यावं, आपल्याला पुढे सगळ्यांच्यात बसवायचं आहे. 'पुढे' शब्दाखाली रेघ होती.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. सासूबाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. उसाला पाण्याची पाळी आहे, येणं जमत नाही. कृती आपल्याला आता पाठ आहेच. पोरीला आठ दिवस माहेरी धाडावं.

आणि त्यांनी मला धाडलं. आठ नाही, पंधरा दिवस. मी गावी पोचले त्या संध्याकाळी आबा पाटाचं पाणी वळवत उसात उभे होते, पाय चिखलात. मी बांधावर बसले आणि म्हणाले, "आबा, त्या सात जणांची नावं सांगा की मला."

त्यांनी खोरं टेकवलं. मग एकेक करून सांगायला लागले. कोण कुठल्या गावचा, कुणाला किती भावंडं, कोण घोरायचा, कोण पत्र लिहून घ्यायला यायचा. सांगता सांगता सरी भरून पाणी बांधावरनं वाहायला लागलं. आम्ही दोघांनीही ते वाहू दिलं.